मॉन्ट्रियलचा जॅझ फेस्टिवल : ख्याल ऐकलेल्या कानांनी काय ऐकावं? (जाणकारांनो मदत करा)

आमराईकर
मंडळी, लेक-जावई मॉन्ट्रियलला असतात, जूनच्या शेवटी आम्ही दोघं महिनाभर तिकडं जातोय. जावयांचं घर नेमकं त्या प्लास देझार नावाच्या चौकापासून चालत जाण्याइतकं जवळ आणि आम्ही पोचतोय त्याच आठवड्यात तिथला जॅझ फेस्टिवल सुरू होतोय. जावईबापू म्हणतात बाबा रोज संध्याकाळी नुसतं खाली उतरा, रस्त्यावरच सगळं चालू असतं. मिसेसला नायगारा बघायचाय, ती म्हणते पें पें ऐकायला विमानाचं तिकीट कशाला, लग्नसराईत गणपती पेठेत उभं राहिलं तरी भागतंय.
तर अडचण अशी की आयुष्य गेलं ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकण्यात. यूट्यूबवर जॅझ लावून बघितलं, सुरुवातीला गाणं असतं तोवर बरं वाटतं, मग एकेकजण आपापलं वाजवत सुटतो आणि मी हरवतो, कोण कुठं चाललंय, परत कधी येणार, काही पत्ता लागत नाही. कलाकारांची यादी नको, ती जावई देतील. कान कुठं लावायचा तेवढं सांगा.

झणझणीत
काका मज्जा आहे तुमची!! हाच ना तो फेस्टिवल जिथं कार्यक्रम चालू असताना कॅसिनो जळला आणि मग त्यावर रॉकवाल्यांनी गाणं केलं? बाहेर पडायचा दरवाजा आधी बघून बसा हाहाहा

रंगभवनी
झणझणीत, ते माँत्रो. स्वित्झर्लंडमधलं, जिनिव्हा सरोवराच्या काठचं. तो फेस्टिवल १९६७ साली क्लोद नोब्सनी सुरू केला, आणि आग लागली ती १९७१ च्या डिसेंबरात, फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना. डिसेंबर म्हणजे उन्हाळी फेस्टिवलशी संबंधच नाही.
आमराईकर जातायत ते मॉन्ट्रियल, कॅनडा. १९८० साली अलँ सिमार आणि आंद्रे मेनार या जोडीनं सुरू केला, पहिल्याच वर्षी रे चार्ल्स, चिक कोरिया, गॅरी बर्टन असली माणसं आणली. २००४ मध्ये जगातला सगळ्यात मोठा जॅझ फेस्टिवल म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली. नावात गोंधळ नेहमीच होतो, पण एक तळ्याकाठी आणि एक भर शहरात, दोन्हीचा बाज वेगळा.

बर्फाळ_सांगलीकर
मी मूळचा विश्रामबागचा, बरीच वर्षं मॉन्ट्रियलला. आमराईकर काका, या या. कामाचं सांगतो.
साधारण दोनतृतीयांश कार्यक्रम फुकट आणि ते सगळे उघड्यावर. सेंट कॅथरिन रस्ता आणि आजूबाजूचे रस्ते गाड्यांना बंद, ठिकठिकाणी स्टेज, माणसं पोरंबाळं ढकलगाड्या घेऊन फिरत असतात, एका स्टेजवर नाही पटलं तर पुढच्या स्टेजला. तिकिटाचे कार्यक्रम आत हॉलमध्ये. सगळ्यात मोठा विल्फ्रिड पेल्तिए, जवळपास ३००० खुर्च्यांचा. मला विचाराल तर एखादं तिकीट काढायचंच असेल तर झेझू नावाचा छोटा हॉल बघा, चर्चच्या खाली तळघरात आहे, वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो.
मेट्रोची हिरवी लाईन, प्लास देझार नाहीतर सेंट लॉरां स्टेशन. जूनअखेरीस सूर्य पावणेनऊला मावळतो त्यामुळं जेवणाची वेळ चुकते, ते घरी आधीच ठरवा. पाऊस अचानक येतो, वळवासारखा गडगडाट करून, अर्ध्या तासात परत ऊन. आणि १ जुलैला जावयांची गाडी मागू नका, त्या दिवशी इथं अख्खं शहर घरं बदलतं, भाडेकरार तेव्हाच संपतात, रस्तोरस्ती फ्रीज आणि गाद्या.

स्टेशनचौक
दोनतृतीयांश फुकट म्हणे. फुकट काही नसतं. कोण भरतं पैसे ते सांगा ना. आपल्याकडं पण फुकट असतंय की, गणपतीत डॉल्बीच्या भिंती, वर्गणी मात्र दारात येऊन घेतात.

बर्फाळ_सांगलीकर
सरकारी अनुदान, बँका आणि बिअरवाल्यांची जाहिरात, आतल्या हॉलची तिकिटं, शिवाय रस्त्यावर जे खाणंपिणं विकलं जातं त्यातून. मोठ्या नावाचं तिकीट महाग असतं, त्यावर बाहेरच्याला फुकट ऐकायला मिळतं असं समजा. दारात येऊन कोणी मागत नाही एवढं खरं.

भावगीत_वेडी
डॉल्बीशी कशाला बरोबरी करताय दादा, मिरजेच्या दर्ग्यातली संगीत सभा विसरलात होय. मिरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं रात्र रात्र गाणं चालतं, तिकीट नाही, पासही नाही, सतरंजीवर जाऊन बसायचं. मोठमोठे लोक तिथं हजेरी लावायला येतात. फुकट आणि चांगलं दोन्ही असू शकतं.

स्टेशनचौक
बरं ताई, ते मान्य.

तुंबा_आणि_तार
आमराईकर काका, नमस्कार. आमचं घर गाण्याचं नाही, वाद्यांचं. मिरजेत सतार-तंबोऱ्याचं काम, पंढरपूर भागातले भोपळे, तुणाचं लाकूड, सगळा जन्म त्यात. दुकानात एक परदेशी गिटारवाले तंबोऱ्याची जवारी करून घ्यायला यायचे, जवारी व्हायला वेळ लागतो, घोडी घासायची, दोरा सरकवायचा, ऐकायचं, परत घासायची, तेवढ्यात त्यांनी मला हे समजावून सांगितलं.
तुम्ही एकल तबला ऐकलाय ना. पेटीवाला किंवा सारंगीवाला लेहरा धरून बसतो, तोच सोळा मात्रांचा तुकडा परत परत, त्यावर तबलजी कायदे रेले काय करायचं ते करतो आणि समेला सगळे एकत्र. जॅझमध्ये लेहऱ्याच्या जागी कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या तीन-चार सुरांच्या जुडग्यांची, माळ असते. फक्त ती सरळ सुरात वाजत नाही, पियानोवाल्याच्या डाव्या हातात आणि त्या उभ्या बासच्या तारांत विखुरलेली असते म्हणून नवख्याला दिसत नाही. सुरुवातीला जे गाणं तुम्हाला बरं वाटतं त्याला हेड म्हणतात, ते गाणं संपलं तरी त्याचा सांगाडा तस्साच फिरत असतो, ज्याची पाळी असेल तो त्याच सांगाड्यावर नवीन गाणं रचतो. सगळ्यांच्या पाळ्या झाल्या की हेड परत येतं आणि खेळ संपतो.
आता आवर्तन किती मोठं? ब्लूज नावाचा गाण्याचा प्रकार असेल तर बारा बार, एका बारात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. चार-चार बारांच्या तीन ओळी. साधं जुनं गाणं असेल तर बहुतेक वेळा ३२ बार, आठ-आठचे चार तुकडे, त्यात पहिला दुसरा चौथा सारखे आणि तिसरा वेगळ्या वाटेनं जातो. तो तिसरा ओळखू यायला लागला की कुठं आहोत ते समजतं. आवर्तन संपत आलं की ड्रमवाला पण हमखास काहीतरी गडबड करतो, तिहाईच्या आधी तबलजी हलतो ना तसा.
अजून एक. आपण टाळी समेवर देतो. हे लोक चुटकी वाजवतात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ड्रमवाल्याच्या डाव्या पायाशी दोन झांजा असतात, हाय-हॅट, ती नेमकी २ आणि ४ ला मिटते, चिक् असा बारका आवाज. हरवलात की बाकी सगळं सोडून ती चिक् पकडा.
आणि पाळी संपली की टाळ्या वाजवायच्या, मधेच, बिनधास्त. तिथं ते अडाणीपणाचं समजत नाहीत, न वाजवणं वाईट दिसतं.

आमराईकर
वा! तुंबा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. लेहरा म्हटल्यावर डोक्यात एकदम उजेड पडला. म्हणजे ते आपापलं वाजवत नव्हते, मलाच लेहरा ऐकू येत नव्हता.

भावगीत_वेडी
माझी शंका आहे. दर दोन मात्रांना कॉर्ड बदलणार तर सुरावर बसणार कधी? आपल्याकडं नुसत्या गंधारावर पाच मिनिटं काढतात. ही घाई वाटते मला, हुशारी आहे पण घाई.

तुंबा_आणि_तार
ताई शंका रास्त आहे आणि ती त्यांना स्वतःला पण आली होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ट्रंपेटवाले माइल्स डेव्हिस वगैरे मंडळींनी कॉर्डची गर्दी कमी करून एकाच स्वरमालेवर लांब लांब बसायला सुरुवात केली. सॅक्सोफोनवाले जॉन कोल्ट्रेन तर पंडित रविशंकरांकडून आपलं संगीत समजून घेत होते, १९६५ साली मुलगा झाला त्याचं नाव रवी ठेवलं. तो रवी कोल्ट्रेन आज स्वतः नावाजलेला सॅक्सोफोनवाला आहे. पण तुमचं म्हणणं पूर्ण खोडता येत नाही, आलापाची सवय असेल तर जॅझमध्ये सगळ्यात हळू बॅलड, म्हणजे संथ गाणं, लागलं तरी मधून मधून कोणीतरी ढकलतंय असं वाटतं.

रंगभवनी
लांबड लावतो, माफी असावी. मी नोकरीनिमित्त मुंबईत होतो तेव्हा १९७८ साली पहिली जॅझ यात्रा झाली, निरंजन झवेरींनी उभी केलेली, रंगभवनमध्ये उघड्यावर. अमेरिकन सॅक्सोफोनवाले सॉनी रोलिन्स आले होते. मी काय तेव्हा ऐकणारा नव्हतो, ऑफिसातल्या एका गोवेकर मित्रानं ओढून नेलं. तो म्हणायचा तुम्ही लोक जॅझ लहानपणापासून ऐकताय, फक्त नाव माहीत नाही, आणि खरंच की, १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकन काळ्या वादकांचे बँड वाजायचे, लिऑन अॅबी, टेडी वेदरफर्ड, त्यांच्याकडून गोव्याच्या पोरांनी उचललं, चिक चॉकलेटसारखे ट्रंपेटवाले तयार झाले आणि तीच मंडळी दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यात जो तो उडता ट्रंपेट आहे तो आकाशातून नाही पडला. पुढं रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथले कार्यक्रम बंदच पडले.
काकांना ब्लूजचं एक उदाहरण देतो, जाण्याआधी शोधून ऐका. १९५६ चा न्यूपोर्टचा फेस्टिवल, अमेरिकेतला, जॉर्ज वीन यांनी १९५४ ला सुरू केलेला. ड्यूक एलिंग्टनच्या बँडचे दिवस तेव्हा उतरणीला लागलेले. त्या रात्री त्यांचा टेनर सॅक्सवाला पॉल गोन्साल्विस उभा राहिला आणि ब्लूजची २७ आवर्तनं सलग वाजवली, लोक खुर्च्या सोडून नाचायला लागले. त्या एका रात्रीनं एलिंग्टनची गाडी परत रुळावर आली. तुंबाच्या हिशोबानं २७ गुणिले ४८ मात्रा, बसा मोजत.

झणझणीत
गोन्साल्विस म्हणजे आपल्या गोव्याचा निघाला काय!!

रंगभवनी
नाही रे बाबा. त्यांचं मूळ केप व्हर्दे बेटांचं, पोर्तुगीज तिकडंही होते. गोव्याचे ते ब्राझ गोन्साल्विस, तेही सॅक्सोफोनवालेच, पियानोवाले लुई बँक्स यांच्याबरोबर वाजवायचे.

क्लॅरिनेटवाला
मी नुसता वाचत होतो पण आमराईकर काकूंचं ते बँडवाल्यांचं वाक्य बघून लिवतोय. राग नाही हां, हसूच आलं. आमचे आजोबा बँड पार्टीत क्लॅरिनेटला होते, नंतर सॅक्स. तासगाव, इस्लामपूर, जत, कुठं कुठं वराती वाजवल्या. क्लॅरिनेट काय, सॅक्स काय, ट्रंपेट काय, हीच वाद्यं हो. रीड, म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बसवायची पातळ पट्टी, कायम तोंडात भिजत घातलेली असायची, चहा प्यायचे तरी एका गालात रीड. ती चिरली तर ब्लेडनं घासून अजून दोन वराती काढायचे कारण रीड मुंबईवरनं यायची, महाग.
सांगायचं ते वेगळंच. गाणं आख्खं पाठ, नोटेशन बिटेशन काय नाही. पण वरात लांबली, घोडा अडला, तर तेच तेच गाणं चार वेळा कसं वाजवणार, मग अंतरा झाला की आजोबा मधेच आपलं सोताचं कायतरी घालायचे, वर चढायचे, फिरून मुखड्यावर यायचे. पोरं नाचायची त्यावर जास्त. पण पार्टीचा मालक ओरडायचा, अरे गाणं वाजव, गाणं!! तुंबादादांनी जे सांगितलं ते वाचून वाटलं आजोबा तेच करत होते की. आता बेंजो आणि डॉल्बी, सॅक्स पेटीत पडून आहे, मी काढतो अधूनमधून.
काका एक विनंती, तिकडं आल्टो सॅक्सची रीड मिळाली तर एक डबी आणाल का, अडीच नंबर. पैसे देतो.

आमराईकर
भावा पैशाचं बोलू नकोस. आणतो. काकूला पण तुझी पोस्ट वाचून दाखवली, ती म्हणते त्याला सांगा मी क्लॅरिनेटला नावं ठेवली नाहीत, मी ह्यांना ठेवली.

रंगभवनी
क्लॅरिनेटवाला, सॅक्स पेटीतून काढ. कद्री गोपालनाथांनी म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन पाहिला आणि त्यावर कर्नाटक संगीत बसवलं, सगळी गमकं सकट. जॅझवाल्यांबरोबर वाजवलं, लंडनला बीबीसीच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात १९९४ ला वाजवलं. सुरुवात बँडचीच.

बर्फाळ_सांगलीकर
बँडवाल्यांचा विषय निघालाच आहे तर मॉन्ट्रियलचं पण ऐका. इथं जॅझ आलं ते रेल्वेमुळं. स्टेशनजवळ सेंट आंत्वान भागात, आता ज्याला लिटल बर्गंडी म्हणतात, काळ्या लोकांची वस्ती, बापे रेल्वेच्या झोपायच्या डब्यात पोर्टर. त्यातच अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी, इथं दारू चालू, मग काय, प्यायला आणि ऐकायला लोक सरहद्द ओलांडून यायचे, क्लब भरभरून चालले. त्याच वस्तीत ऑस्कर पीटरसन जन्मला, १९२५ साली, तारीख १५ ऑगस्ट. वडील रेल्वेत पोर्टर. पोरगा आधी ट्रंपेट वाजवायचा पण क्षय झाला, फुप्फुसं कमजोर, म्हणून पियानोवर आला. बहीण डेझी पियानो शिकवायची, तिनं भावाला शिकवलं आणि वस्तीतल्या ऑलिव्हर जोन्सलाही, तो पण पुढं मोठा पियानोवाला झाला. एका शिक्षिकेच्या हाताखालून दोन जगप्रसिद्ध माणसं! १९४९ ला पीटरसन कार्नेगी हॉलला वाजवून आला आणि रातोरात नाव झालं. १९९३ ला झटका आला, डावा हात गेला तरी परत स्टेजवर आला, उजव्या हातानंच बहुतेक सगळं. इथल्या लोकांना विचारा, फेस्टिवल राहू दे बाजूला, आमचा ऑस्कर म्हणतात.

स्टेशनचौक
मिरज जंक्शनच झालं की हे. रेल्वे, आजार, आणि गाणं.

आमराईकर
मंडळी, मॉन्ट्रियलहून. इथं रात्रीचे साडेअकरा, खालून अजून ड्रम ऐकू येतोय.
पहिल्या संध्याकाळी गर्दी बघून घाबरलो, मग एका छोट्या स्टेजपाशी जागा मिळाली. चार पोरं, ट्रंपेट, पियानो, बास, ड्रम, ट्रंपेटवाली मुलगी जेमतेम पंचविशीची असेल. हेड झालं, ती सुटली, मी हरवलो. मग तुंबाची चिक् शोधली. सापडली! डोळे मिटून नुसती तीच धरून बसलो तर थोड्या वेळानं बास ऐकू यायला लागला. आणि मग एक गंमत लक्षात आली, तुंबा हे तुम्हाला माहीत असेल तर माहीत नाही. आपण जप मोजतो तसं अंगठ्यानं चार बोटांची पेरं मोजली तर एका हाताची पेरं बारा. एका पेराला एक बार. एक बोट खालपासून वरपर्यंत झालं की तीन बार, करंगळीपासून तर्जनीपर्यंत आलो की आवर्तन पूर्ण आणि बरोब्बर तिथं पियानोवाला परत मूळ घरी. दुसऱ्यांदा मोजलं, परत बरोबर. तिसऱ्यांदा त्या मुलीनं तर्जनीच्या शेवटच्या पेरावर असा एक लांब सूर टाकला आणि तो पुढच्या आवर्तनात ओढत नेला की माझ्या तोंडून मोठ्यानं क्या बात है गेलं. शेजारचा दाढीवाला वळून हसला आणि त्यानं टाळ्या सुरू केल्या.
सगळंच आवडलं असं नाही. जावयांनी प्रेमानं तिकीट काढून एका हॉलमध्ये नेलं, फार नावाजलेला आधुनिक ग्रुप म्हणे, मात्रा सात की अकरा काही कळेना, चिक् पण नव्हती, भयंकर अवघड आणि कोरडं. ताल अवघड असण्याला माझी हरकत नाही, पण वाजवणारे एकमेकांकडं बघतच नव्हते, प्रत्येकाच्या समोर कागद. मध्यंतर नव्हतं म्हणून बसलो. आणि शेवटच्या रात्रीच्या मोठ्या स्टेजवर जे गायक होते त्यांच्यात जॅझ कुठं होतं ते जावयांनाही सांगता आलं नाही.
मिसेसचा रिपोर्ट वेगळा. तिला रस्त्यातून वाजवत फिरणारी ब्रास बँडची टोळी आवडली, त्यांच्या मागं दोन चौक चालत गेली, फोन उचलेना, आम्ही शोधतोय.

क्लॅरिनेटवाला
काकू जिंदाबाद!!! पेरांचं लई भारी हाय काका, मी आत्ता मोबाईलवर ब्लूजचा ट्रॅक लावून बघितलं, बसतंय. सॅक्सवर अजून बसंना, आठव्या बारानंतर माझा मुखडा यायला बघतोय, सवय आहे ना.

तुंबा_आणि_तार
पेरांचं नव्हतं माहीत. दुकानात येणाऱ्यांना सांगतो आता.
क्लॅरिनेटवाला, आठव्यानंतर घाई होते कारण आपली गाणी आठाच्या हिशोबात असतात. नवव्या बाराला कॉर्ड बदलतो तिथं थांबून नुसता एक सूर धर, चालायची गडबड करू नको.

रंगभवनी
मोठ्या स्टेजवर पॉपवाले, ही तक्रार तिथं जुनीच आहे. २००९ ला तिसाव्या फेस्टिवलचं उद्घाटन स्टीव्ही वंडरनं केलं, मायकेल जॅक्सन नुकताच गेला होता, लाखोंनी लोक रस्त्यावर. त्याला शुद्ध जॅझ कोण म्हणेल? पण मला वाईट वाटत नाही. मोठं नाव गर्दी ओढतं, त्याच गर्दीतली चार माणसं वाट चुकून छोट्या स्टेजवर जातात. कागद समोर ठेवून वाजवण्याबद्दल मात्र आमराईकरांशी सहमत.

भावगीत_वेडी
काका तो ट्रंपेटचा लांब सूर ऐकायचाय मला. रेकॉर्ड केलंत का?

आमराईकर
नाही ताई. एका हातानं पेरं मोजत होतो, दुसऱ्या हातात मिसेसची पर्स.

स्टेशनचौक
सगळं ऐकून घेतलं, आता एक सांगा. दहा दिवस मेन रस्ता बंद म्हणजे दुकानदार गप्प बसतात? आपल्याकडं मारुती रोडला एक दिवस मिरवणूक म्हटलं तरी बोंब होते.

बर्फाळ_सांगलीकर
बोंब होते की, कोण गप्प बसतंय. माल उतरवायला जागा नाही, गाडी लावायला जागा नाही, दरवर्षी तेच. पण हॉटेलवाले फुटपाथवर टेबलं टाकतात आणि ह्या दिवसांत भरपूर कमावतात, त्यामुळं बोंब मारणाऱ्यांतच दोन गट. ज्यांचा धंदा संध्याकाळी सहानंतरचा ते रस्ता अजून आठवडाभर बंद ठेवा म्हणतात, चपलेच्या दुकानवाले शिव्या देतात.